भाऊंच्या बेंबीतलं झाड

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला की आमचे शेजारी पेणकर सर हात मागे बांधून त्याच्यापुढे उभे राहत, म्युझियममध्ये उभं राहावं तसे. रिक्षावाले हॉर्न वाजवून थकत. सर हलत नसत.

"निसर्ग कुठाय?" ते मला विचारत. "पुढाऱ्याच्या मागे मोबाईलचा टॉवर! ह्याला काय सत्ता म्हणायची?"

सर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. बायको वारलेली. मुलाकडे इस्रायलला जाऊन येताना इस्तंबूलला विमान बदलायचं होतं. तिथून त्यांनी उस्मानी सुलतानांच्या लघुचित्रांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पनवेल त्यांच्या मनातून उतरलं. चित्रात सरूचं झाड ताठ उभं, म्हणजे सुलतान न्यायी. चिनाराला पालवी फुटली, म्हणजे वंशाला वारस मिळाला. दूध आणायला निघालेल्या माणसालाही थांबवून ते हे समजावत.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या चिरंजीवांना पुढची निवडणूक लढवायची होती, म्हणून भाऊंचा वाढदिवस दणक्यात करायचा ठरला. फ्लेक्सचं चित्र सरांनी आपणहून काढून दिलं. कार्यकर्ते घाईत होते, कुणी न बघताच ते छापायला गेलं.

सकाळी लोकांनी पाहिलं. भाऊ आडवे झोपलेले, त्यांच्या बेंबीतून अवाढव्य झाड उगवलेलं, शेंड्यावर चिरंजीव, आणि सावलीत सगळं पनवेल, पार तळोज्याच्या धुराड्यांपर्यंत.

एक कार्यकर्ता धापा टाकत आला. "सर, भाऊंच्या पोटातून झाड? आमी लोकांना काय सांगायचा?"

"राजवंश म्हणून सांगा! पहिल्या सुलतानाला हेच स्वप्न पडलं होतं."

"भाऊंना नाय ना पडला!"

दुपारपर्यंत भाऊंच्या पोटाचं ऑपरेशन झाल्याची बातमी गावभर पसरली. लोक शहाळी घेऊन बंगल्यावर जाऊ लागले. फ्लेक्स उतरवला, पण शहाळी येतच राहिली.

संध्याकाळी मी घाबरत सरांकडे गेलो. ते फोनजवळ बसले होते.

"भाऊंनी स्वतः फोन केला," ते म्हणाले.

"रागावले?"

"प्रचंड. म्हातारचळ लागलाय म्हणाले. झाड का, बेंबी का, मुलगा एवढुसा का, सगळं विचारलं." सरांचा चेहरा उजळला होता. "आमचा मुलगा दर शुक्रवारी करतो फोन. तब्येत बरी ना, गोळ्या घेता ना, की ठेवला. हे बराच वेळ बोलले हो. आणि सगळं माझ्या चित्राबद्दल."

सरांनी फोनची वायर नीट आहे का ते चाचपून पाहिलं.

"राग अजून गेला नसेल त्यांचा," ते म्हणाले. "पुन्हा करतील ना?"