सॉसचं नाव काढायचं नाही

"दोन ओळींचं पत्र असतं का कुठे?" सुवोंदोकाकांनी लारासचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "दारात उभं राहून मागायला आल्यासारखं वाटतं."

"काका, त्यानेच ब्लॉगवर लिहून ठेवलंय. कोण आहात, काय हवंय, दोन ओळींत सांगा. पाल्हाळ लावलंत तर उत्तर नाही."

"लोक असं म्हणतात. मनावर घ्यायचं नसतं."

इंडोनेशियातल्या सेमारांगमध्ये सुवोंदोंच्या घरी तीन पिढ्या सोयाबीनचा गोड, काळा सॉस शिजत होता. त्यात मिरची घालायची कल्पना पुतणीची, म्हणजे लारासची. काकांनी तिला ईदपर्यंत मुदत दिली होती. तोवर तिखट सॉस खपला नाही, तर कढईत पुन्हा गोडच शिजणार. मेदानचा तोगार सिनांबेला खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहायचा आणि त्याने चांगली म्हटलेली बाटली आठवड्यात दुकानांतून नाहीशी व्हायची. ईदला बारा दिवस उरले होते.

पत्र शेवटी दीड पानाचं झालं. त्यात व्यत्ययाबद्दल क्षमा होती, सेमारांगचा उकाडा होता, तोगारच्या तब्येतीची चौकशी होती आणि पुन्हा एकदा क्षमा होती. सॉस तेवढा नव्हता.

"तो विचारेल की. मग सांगू," काका म्हणाले.

तोगारने खरंच विचारलं. "तुम्हाला नक्की हवंय काय?"

"बघ, ही मेदानची माणसं. तोंडावर विचारतात."

"मग आपणही तोंडावर सांगू. बाटली पाठवतो, चाखून लिहा."

"पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हणतं का? शेजारी चहा विचारतात, तेव्हा आपण काय म्हणतो? निदान दोनदा तरी विचारू दे त्याला." काकांनी उत्तर सांगितलं, लारासने दात-ओठ खात लिहिलं: "छे, आम्हाला काहीच नको. सहज आपली आठवण आली." कधी न पाहिलेल्या माणसाची आठवण सहज कशी येते, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

तोगारने पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांनी त्याने दोन्ही पत्रं ब्लॉगवरच छापली. वर लिहिलं होतं, 'दहा वर्षांत माझ्याकडे काहीही न मागणारा पहिला माणूस.' खाली वाचकांची रीघ लागली. कुणाला आजोबा आठवले, कुणी रडलं.

"हजारो लोक वाचतायत काका, आणि आपण काय बनवतो ते एकालाही माहीत नाही," लारास म्हणाली. "आता तरी सांगते."

"आता तर मुळीच नाही. काय वाटेल त्याला?"

दुपारी काकांचा डोळा लागला, तसं लारासने ब्लॉगखाली लिहून टाकलं: आम्ही तिखट सॉस बनवतो, कृपया चाखून बघा. दहा मिनिटांत तोगारचं उत्तर आलं. "म्हणजे तुम्हालाही हवंच होतं." संध्याकाळपर्यंत तो लेख ब्लॉगवरून गेला.

काका रागावले नाहीत, आणि लारासला तेच जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "माफीचं पत्र लिहायला घे." या वेळी पत्र दोन पानांचं झालं. त्यात तोगारच्या आईचीही चौकशी होती. लारासने एक शब्द गाळला नाही. भांडायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

ईदच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. "आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, माणसं चांगली आहेत, मीच आगाऊपणा केला. सॉसच्या दोन बाटल्या पाठवा. आज निघाल्या तर ईदच्या जेवणात चाखून लगेच लिहितो."

काकांनी ते दोनदा वाचलं, समाधानाने चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिही. आपण कशाला तसदी घेता, आमचा सॉस काही फार चांगला नाही."

लारासने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि काका उठताच पुसून टाकलं. बाटल्या कागदात गुंडाळून ती स्कूटरवरून कुरिअरच्या दुकानात पोचली. शटर खाली होतं. त्यावर सुंदर अक्षरांत पाटी लावली होती: 'सर्वजण ईदला गावी गेले आहेत. दुकान आठवड्याने उघडेल. कळत-नकळत आमचं काही चुकलं असेल, तर मनापासून क्षमा.'