हौसाबाईसाहेबांनी पापणीचे अस्तर निवडिले आणि घाट राखिला, त्याची हकीकत

श्रीगजवदन कृपावंत असो, ऐकणारांचे चित्त ठिकाणी असो. शके सत्राशे, विलंबी नाम संवत्सरे, वैशाख मासी नदीअलीकडील राज्यात जे वर्तले ते यथामती लिहितो. महाराज कैलासवासी जाहले होते आणि राणी हौसाबाईसाहेब गादीवर बसून कारभार पाहात होत्या. बाईसाहेब स्वभावे करड्या, बोलणे थोडके, घोड्यावर मांड पक्की. त्या घराण्याचा कुळाचार ऐसा की, गादीवर बसणाराने, पुरुष असो की बायको, वैशाखी दरबारात पापण्यांस मोरपंखी रंग लावून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसावे. गतवर्षी बाईसाहेबांचा तो पहिलाच दरबार, आणि ऊन ऐसे की भिंतीही घाम गाळीत. दोन प्रहरी रंग पापणीच्या घडीत गोळा जाहला आणि मग घामासरशी दोन्ही गालांवर उतरला. नदीपलीकडील राज्याचा वकील रंभाजीराव समोर बसला होता, त्याने ते ओघळ पाहिले, मिशीतल्या मिशीत हसला आणि परत जाऊन आपल्या धन्यास बोलिला की, "बाई भरदरबारी रडली. आता मागाल ते देईल." धन्याने लागलीच डोंगरातील घाट मागितला. त्या घाटानेच राज्यात मीठ येई आणि धान्य येई. घाट गेला म्हणजे राज्याच्या तोंडचा घास गेला. आणि यंदाच्या दरबारी वकील त्याचा जबाब नेण्यास येणार, ऐसी वर्दी आली.

मग बाईसाहेबांनी दिवाण नागोपंतांस मसलतीस बोलाविले. पंत भले, इमानी, परंतु भित्रे. ते म्हणाले, "बाईसाहेब, यंदा रंगच लावू नये. दुखणे सांगावे." बाईसाहेब म्हणाल्या, "रंग न लावला तर वकील म्हणेल, बाई रडून तोंड धुऊन आली. रंग लागेल आणि टिकेलही. ओघळला कशाने ते आधी पाहू." आणि आरसा घेऊन बसल्या, बोटाने पापणी चाचपली, बोट चकाकले. तेव्हा ध्यानी आले की, पापणीस आपलेच तेल सुटते आणि त्या तेलावरून रंग घसरतो. दोष रंगाचा नव्हे, खालच्या जमिनीचा. भिंतीस रंग देण्याआधी गिलावा करितात, तैसे पापणीसही काही अस्तर पाहिजे.

मग अस्तराचा शोध चालला. बाईसाहेबांची दासी गंगू लहानपणापासून त्यांजजवळ, तीस भीडभाड नव्हती. तिने चंदन उगाळून लाविले. ते वाळले आणि डोळा मिचकावताच त्यास भेगा पडल्या. मग मेण लाविले. ते चुलीजवळ जाताच पातळ होऊन रंगासह घडीत जाऊन बसले. गंगू म्हणाली, "आता बाईसाहेब, डोळे मिटूच नका म्हणजे झालं." बाईसाहेबांस हसू आले, परंतु दरबार जवळ येत होता आणि हसू फार वेळ राहिले नाही.

तेसमयी एक फिरंगी टोपीकर सौदागर आरसे, अत्तरे विकीत राज्यात आला होता. त्याजपाशी डब्या होत्या आणि त्यांतील लेपास तो प्रायमर म्हणे. एक पांढरा, एक चमकीचा, एक अंगाच्या रंगाचा. पंतांनी विचारिले, "यांत उत्तम कोणता?" सौदागर म्हणाला, "सगळे उत्तम!" बाईसाहेब म्हणाल्या, "हा विकणारा आहे, तो आणखी काय सांगेल? आम्हीच पाहू." आणि उजव्या डोळ्यास पांढरा, डाव्यास चमकीचा लावून, वर मोरपंखी रंग देऊन, थेट मुदपाकखान्यात जाऊन मोठ्या चुलीपाशी बसल्या. आचारी पुरणपोळ्या लाटीत होते, ते लाटणी टाकून उभे राहिले. पांढऱ्यावर रंग टिकला, परंतु ऐसा भडक उजळला की गंगू म्हणाली, "पोपट बसलाय डोळ्यावर." चमकीचा तर पहिल्या पोळीआधीच घसरला.

उरला तिसरा. तो बाईसाहेबांनी भरपूर थापला, की जितका जाड तितका बळकट. आणि रंग त्यावर गोळ्यागोळ्यांनी बसला. मर्जी खफा जाहली, डबी भिरकावण्यास हात उचलिला, आणि मग थांबल्या. पापणी कोरडी पुसली, लेप कणभर घेतला, करंगळीशेजारच्या बोटाने हलका टिपला, वाळू दिला, मग रंग दिला. आता चुलीपाशी बसल्या तो रंग जागचा हलेना. तरी बाईसाहेबांचे समाधान होईना. त्या म्हणाल्या, "पंत, साऱ्या राज्यात तुमच्या पापण्या सर्वांत तेलकट. तुमच्यावर टिकला तर कोठेही टिकेल." पंत घाबरले, शेंडीस हात लाविला, म्हणाले, "बाईसाहेब, घरी काय सांगू?" "राज्याचे काम, म्हणून सांगा." मग दिवाणसाहेब मोरपंखी डोळ्यांनी दिवसभर कचेरीत बसले. कारकून खाली मान घालून लिहीत राहिले, कोणाची वर पाहण्याची छाती होईना. सायंकाळी रंग जैसा तैसा. बाईसाहेबांनी तीच डबी ठेविली.

दरबाराचा दिवस उगवला. उन्हाने छताचे कापडही मलूल जाहले होते. रंभाजीराव समोर बसला आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांवरून नजर काढीना. दोन प्रहर टळले, रंग हलला नाही. तेव्हा त्याने दुसरा डाव टाकिला. रुमाल सोडून आतून एक केशरी शेला काढिला आणि गोड आवाजात बोलिला, "कैलासवासी महाराज आमचेकडे शिकारीस आले होते, तेव्हा हा विसरले. आपला आपणांस पावता करतो."

बाईसाहेबांनी शेला ओळखिला. तो त्यांनीच महाराजांच्या खांद्यावर घातला होता. पंतांनी डोळे मिटले. बाईसाहेबांनी शेला मांडीवर घेतला, त्याजवरून हात फिरविला, आणि डोळे भरले, आणि पाणी गालावरून खाली आले. कोणी पुसले नाही, त्यांनीही पुसले नाही. रंभाजीराव पुढे वाकून पाहू लागला. अळूच्या पानावरून थेंब ओघळावा तैसे पाणी स्वच्छ ओघळत होते आणि पापण्या सकाळइतक्याच मोरपंखी होत्या.

बाईसाहेब म्हणाल्या, "वकीलसाहेब, गेले साली आपण पाहिलात तो घाम होता. आज पाहता ते रडणे आहे. धन्यास सांगताना फरक नीट सांगा. शेला आणलात, उपकार जाहले. घाट मिळणार नाही." वकिलाने रिकाम्या रुमालाची घडी घातली. मग विडा घेऊन निघाला.

दरबार उठल्यावर गंगू तिळाच्या तेलाने पापण्या पुसू लागली, तो ते अस्तर सुटता सुटेना. ती हळूच म्हणाली, "बाईसाहेब, आता कोणी नाही. रडायचं तर रडून घ्या." बाईसाहेब म्हणाल्या, "झालं गं रडून. महाराज गेले तेव्हा राज्य सांभाळण्यात राहूनच गेलं होतं. आज सर्वांदेखत झालं. फार बरं वाटलं."

नदीपलीकडे धन्याने वकिलास विचारिले, "बाई रडली काय?"

"रडल्या, महाराज."

"मग घाट?"

"घाट त्यांच्यापाशीच आहे."

धन्याने पुन्हा विचारिले आणि वकिलाने पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा विचारणे धन्याच्या जिवावर आले आणि मागणी बारगळली. येणेप्रमाणे घाट राखिला, मीठ येत राहिले, आणि गादीवरचे माणूस रडले तर ते हरले ऐसे त्या मुलुखात पुढे कोणी समजेना. कानी आले ते लिहिले. चुकले असेल ते लिहिणाराचे पदरी घालावे.