दामले काकांचे दुखरे पाय

दामले काकांना बाक दिसला की ते बसतात. मग तो बागेतला असो, बसस्टॉपवरचा असो, की एखाद्या दुकानदाराने स्वतःसाठी बाहेर ठेवलेला असो. बसताना "आई गं, पाय गेले बुवा!" असं इतक्या जोरात म्हणतात की आजूबाजूचे लोक वळून बघतात.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगला आम्ही शेजारी. काका तिथल्या स्टीलच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनीयर आणि मालतीकाकू गणिताच्या शिक्षिका. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण त्याचा विषय काढायची कुणाची छाती नाही. "कसं वाटतंय?" विचारलं, तर "तुला काय झालंय?" असं उत्तर येतं.

यंदा दोघांनी भूमध्य समुद्रातली क्रूझ घेतली आणि "एकटीच तर आहेस, चल" म्हणून मलाही ओढलं. बोट एक दिवस इटलीतल्या जिनोआला थांबणार होती. काकूंना एकच हवं होतं. जुन्या गावाच्या माथ्यावर एक मोठा सज्जा आहे, तिथून सगळं बंदर बघायचं, आणि तेही चालत जाऊन. वर जायला लिफ्ट आहे, असं मी सांगून पाहिलं.

"लिफ्ट म्हाताऱ्यांसाठी असते," काकू म्हणाल्या.

मी राजवाडे, म्युझियम असा भरगच्च बेत आखला होता. काकांनी त्याचे तीनतेरा वाजवले. पहिल्याच कारंज्यापाशी त्यांचे पाय गेले, मग कॉफीच्या दुकानापाशी. चर्चच्या दारात तर ते बूटच काढायला लागले.

"काका, इथे बूट घालून जातात."

"जाऊ देत. मी देवाच्या दारात बूट घालून गेलेलो नाही!" म्हणत ते पायरीवर बसले. नाड्या सोडल्या, मोज्यांची घडी केली, आणि बाहेर आल्यावर सगळं परत चढवलं. तेवढ्यात काकूंची शेजारी बसून अख्खी दशमी खाऊन झाली.

"काका, बोट निघून जाईल."

"नो वरीज, मेट!"

"सगळी सकाळ यांच्या पायांनी खाल्ली," काकू करवादल्या.

चढ लागायच्या आधी काकू एका दुकानात शिरल्या. तिथे तुळशीसारख्या पानांची हिरवीगार चटणी मिळते, ती त्यांना चाखायची होती. त्या आत गेल्या मात्र, आणि काका समोरच्या गल्लीतून तरातरा वर निघाले. मी धापा टाकत मागे. वळणावर पाहते तो काका रुमालाने एक दगडी कट्टा पुसत होते.

"इथवर जमेल तिला," ते म्हणाले. "पुढे सावलीत एक पायरी आहे. मग एकदम वरचा बाक."

"आणि तुमचे पाय?"

"माझ्या पायांना काय धाड भरलीय? अगं, ती कधी बसू या म्हणायची नाही. मग मीच दमतो."

काकू दुकानातून बाहेर यायच्या आत आम्ही परत खाली. पुढच्या चढावर काका कट्ट्यापाशी दमले, पायरीपाशी दमले, आणि दोन्हीकडे बोलणी खाल्ली.

शेवटी पोचलो. खाली राखाडी छपरं, क्रेन, बोटी आणि पलीकडे चमचमणारा समुद्र. काकू कठडा धरून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. काका इतके खूश झाले की दमायचं साफ विसरले.

"ती बघ, ती बघ आपली बोट!"

काकूंचा पाय थरथरत होता. मला दिसला, काकांना नाही. मी पुढे होणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "अहो, तुमचे पाय दुखत असतील ना? बसू या."

काका चटकन त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "हो गं, फारच दुखतायत," आणि हात धरून त्यांनी आधी काकूंना बसवलं.