चाचांच्या पाणकोंबड्या

आमच्या सायखेड्यातले रझाकचाचा शिंपी पक्ष्यांना ‘अहो’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाला ‘अरे’. माझ्या लग्नाच्या सदऱ्याचं माप घेताना बाहेर भारद्वाज घुमला, तर टेप माझ्या गळ्यात टाकून ते दारात. “बोला साहेब, बोला.” साहेबांचं बोलून होईपर्यंत मी हात पसरून उभा. सदऱ्याची एक बाही दोन बोटं आखूड झाली. चाचा म्हणाले, “मधी साहेब बोलले ना!” यावर काय भांडणार?

रविवारी सकाळी मशीन बंद. कॉलेजातली आठ-दहा पोरंपोरी घेऊन ते गोदावरीच्या काठी पक्षी बघायला जातात. पहिला धडा डोळे मिटायचा. “मोबाईल खिशात. नदी आपोआप दिसंल.” एकदा मीही बसलो. धुकं अंगावरून सरकत होतं, पाणी स्वतःशीच काहीतरी बोलत होतं. आपण काठावर बसलोय की वाहतोय, कळेना. शेजारचा राहुल चक्क घोरायला लागला.

“झोपू दे,” चाचा कुजबुजले, “त्याला आत दिसत असंल.”

यंदा श्रावणात नदीकाठच्या भाऊसाहेबांनी आपल्या शेतालगतचं पाणगवत कापायला माणसं सांगितली. त्यात जांभळ्या पाणकोंबडीचं घरटं. चाचा हात जोडून गेले. “बाळंतीण आहे हो आत. महिनाभर थांबा.”

“चाचा, तुमची बाळंतीण माझा मका खाती!”

चाचा तिथंच बांधावर बसले. तेव्हा त्यांच्या रविवारच्या पोरांतली कविता पुढे झाली. “काका, पिल्लं पाण्यात उतरेस्तोवर तुमचा मका आम्ही राखू.”

भाऊसाहेब हसले, पण माणसं परत पाठवली. पोरांनी रोजच्या पाळ्या लावल्या. पाणकोंबडी मक्यात शिरली की राहुल अदबीनं आडवा जायचा, “अहो, इकडं नाय, तिकडं!”

आणि एका सकाळी चार काळी, विस्कटलेली पिल्लं आईमागून पाण्यात उतरली. ओरडू नये म्हणून सगळ्यांनी तोंडावर हात धरले, भाऊसाहेबांनीसुद्धा.

चाचा मात्र दूर धुक्यात बघत राहिले.

“चाचा, खूश नाय का?” कवितानं विचारलं.

“लय खूश, बेटा. पण काम झालं ना आता. तुम्ही पोरं रोज कशाला येणार?” मग हळूच म्हणाले, “तुमची चाची गेल्यापासून दिवस लय लांबतो.”

कवितानं डबा उघडला, भाकरीचा मोठा तुकडा चाचांच्या हातावर ठेवला आणि शेजारी बसली. मग एकेक करत सगळेच बसले. ऊन चढलं, धुकं विरलं; घरी जायचं कुणी नावच काढेना.