बाटल्यांची वामकुक्षी

"उद्यापासून दुपारची जेवणं झाली की माझं दार बंद! यम आला तरी त्याला सांगा, बाहेरच्या खोलीत बसा, पाणी घ्या, चहाच्या वेळेला भेटते म्हणावं!"

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे खाली ठेवता ठेवताच सिस्टरनं हे घरात जाहीर करून टाकलं.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली सिस्टर. पण सगळी गल्लीच तिला सिस्टर म्हणायची. दूधवाला म्हणायचा, पेपरवाला म्हणायचा, आणि एकदा घाईघाईत नवराही म्हणून गेला होता. ती गोष्ट तिनं त्याला पुढं जन्मभर विसरू दिली नाही!

बाईचा सगळा जन्म रात्रपाळीत गेला. जग घोरत असताना सिस्टर हाडं मोडलेल्या माणसांच्या कुशी बदलत वॉर्डातून हिंडायची आणि जग उठलं की घरी येऊन झोपायचा प्रयत्न करायची. प्रयत्नच म्हणायचा! दिवसा झोपलेल्या बाईला झोपलेली समजायची लोकांना सवयच नसते. "झोपलीस का गं?" एवढं विचारायला लोकांनी तिला गदागदा हलवून उठवलेलं आहे.

म्हणून मग तिनं मागच्या छोट्या खोलीचा किल्ला केला. उत्तरेची एकच खिडकी, तिला दुहेरी काळा पडदा. पलंगाच्या चारी पायांना जुन्या कुबड्यांच्या रबरी टोप्या, म्हणजे शेजारून हत्ती गेला तरी हादरा लागायला नको. दाराच्या बिजागऱ्यांना न चुकता तेल. ऐन उन्हाळ्यातही त्या खोलीत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं गार वाटायचं. आता निवृत्तीनंतर तिथं रोज दुपारी हक्काची, निवांत वामकुक्षी घ्यायची, एवढं एकच स्वप्न त्या बाईनं उराशी बाळगलं होतं. लोकांना बंगले हवे असतात, यात्रा हव्या असतात. हिला झोप हवी होती.

तिला ती मिळालीही. अगदी पोटभर! पण थोडेच दिवस. मग त्या खोलीला दृष्ट लागली. सासूची नाही, जावेची नाही. सहा बाटल्यांची!

त्याचं झालं असं. सिस्टरचे यजमान वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात गेलेली, म्हणून गल्ली त्यांना मापेसाहेब म्हणायची. तेही त्याच सुमारास निवृत्त झाले. एका संध्याकाळी त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, यांनी त्यांना इटलीची कसलीशी वाइन पाजली. मापेसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चेरी... आणि मागून जुन्या चामड्याच्या पट्ट्याचा वास येतोय."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! "वा! तुम्हाला जीभ आहे हो!"

झालं! आजवर मापेसाहेबांच्या जिभेबद्दल बायकोखेरीज कुणी बोललं नव्हतं, आणि ती बोलायची ते काही कौतुकानं नव्हे. त्या एका वाक्यानं घर बुडालं. मापेसाहेबांनी वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली. वाइनच्या दुकानात रोज हजेरी लावली. तिथंही जन्माची खोड सुटेना. पट्टी लावून प्रत्येक बाटलीतली पातळी मोजायची! दुकानदाराला वाटलं, धाड पडली. अखेर निवडून निवडून सहा बाटल्या घरी आल्या. तीन फ्रान्सच्या, तीन इटलीच्या.

"ही बोर्दो. ही बर्गंडी. आणि ही," मापेसाहेबांनी एक बाटली तान्ह्या बाळासारखी हातावर घेतली, "ही बरोलो! वीस वर्षांची!"

"छान. मग उघडा," सिस्टर म्हणाली.

"उघडा? अगं, इतक्या लांबचा प्रवास करून आल्यात त्या! आधी त्यांना विश्रांती नको का?"

आपणही बराच लांबचा प्रवास करून आलोय, असं सिस्टरच्या मनात आलं. पण असल्या गोष्टी बोलून दाखवायलाही अंगात जीव लागतो.

मापेसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि चष्मा सावरला. "ऐक हं. काळोख पाहिजे. गारवा पाहिजे, बाराही महिने सारखा. शांतता पाहिजे. हादरा बिलकूल चालत नाही. आणि आडवं झोपवायचं, म्हणजे बूच ओलं राहतं."

ते पुस्तक लिहिणाऱ्या माणसानं सिस्टरची खोली पाहून लिहिलं होतं की काय!

मापेसाहेबांनी मान वर केली. नजर हळूहळू मागच्या दाराकडे वळली.

"नाही," सिस्टर म्हणाली.

"दोनच महिने गं! डॉक्टर मुलीकडे परदेशी निघालेत. ते परतले की सगळे मिळून बसू. असली वस्तू एकट्यानं ढोसायची नसते, चार माणसांत वाटून प्यायची असते. बाटल्या संपल्या की खोली तुझी. शब्द देतो!"

पुढचं काय सांगायचं! रबरी टोप्यांचा पलंग दुसरा कुठला होता घरात? सहा बाटल्या सिस्टरच्या पलंगावर, सिस्टरच्या घडी घातलेल्या ब्लँकेटवर, सिस्टरच्या उशांचा आधार घेऊन झोपल्या. आणि सिस्टर आली बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. डोक्याशी टेलिफोन, पायाशी दाराची घंटा. सोफा तिच्यापेक्षा वीतभर आखूड. गुडघे दुमडून ती मुटकुळं करून पडायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच मापेसाहेब पुस्तकातला एखादा उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचे.

पण नर्स निवृत्त झाली म्हणून तिचे हात थोडेच निवृत्त होतात! दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून टॉवेल काढायला ती खोलीत गेली. बघते तर सहाच्या सहा जणी काल झोपवल्या तशाच एका अंगावर पडलेल्या. दोन महिने अशाच एका कुशीवर? अंगाला चट्टे पडतील की! तिनं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि अलगद, जराही धक्का न लावता, एकेकीला दुसऱ्या कुशीवर वळवलं. पांघरूण सारखं केलं. "पडून राहा हं," असंही म्हणाली.

तेव्हापासून हा नेम झाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिची झोप घेतली म्हणून काय झालं, आडवं झालेल्यावर राग धरायचा नसतो.

इकडे मापेसाहेबांना हादऱ्यांची धास्ती बसली. धुण्याचं यंत्र घरात नवंच आलं होतं. सुरू झालं की ते स्वयंपाकघरात इकडून तिकडे चालायचं. ते बंद! कपडे हातानं. मिक्सर बंद! चटणीही हातानं. एवढ्यावर भागेना, तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज दोरीवरच्या उड्या मारायचे, त्यांच्याकडे मापेसाहेब गेले.

"जरा उड्या थांबवाल का? खाली झोपलेत. हादरा सोसत नाही त्यांना."

"कोण झोपलेत?"

बाटल्या म्हणायची मापेसाहेबांना लाज वाटली. "आहेत... जुने आहेत. परदेशातून आलेत."

"अरे बापरे! मग सिस्टरच बघतात वाटतं?"

"तिच्याच खोलीत ठेवलंय," मापेसाहेब म्हणाले. आणि ते अगदी खरंच होतं!

दोरीवाल्यांनी दोरी टांगून ठेवली आणि गल्लीभर बातमी केली. सिस्टरच्या घरी परदेशाहून एक म्हातारा पेशंट आणलाय, शेवटच्या घटका मोजतोय! दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं हळूच विचारलं, "साहेब, वय काय हो?" मापेसाहेबांच्या डोक्यात बरोलो. ते पटकन म्हणाले, "वीस."

"अरेरे! कोवळं पोर!"

झालं! दोरीवाले म्हणतात म्हातारा, दूधवाला म्हणतो पोर. गल्लीनं हिशेब जुळवला. पेशंट दोन आहेत! लोक संत्री घेऊन यायला लागले. सूप यायला लागलं. घंटा वाजवायची नाही म्हणून दारावर नखानं टकटक करायचे, आणि त्या टकटकीनं सिस्टर घंटेपेक्षा जास्त दचकून उठायची. "तुम्ही किती ओढलेल्या दिसताय!" असं तिलाच म्हणायचे. खरं काय ते सांगावं असं तिला दर वेळी वाटायचं. पण सांगायचं म्हणजे उभं राहायला हवं, पहिल्यापासून सांगायला हवं. ती संत्री घ्यायची आणि दार लावायची.

एक दिवस दारात मोठ्या वन्सं उभ्या! मापेसाहेबांची थोरली बहीण. हातात बॅग, डोळ्याला पदर.

"दोन-दोन माणसं जायला टेकलीत आणि मला कळवायचंसुद्धा नाही? मी मेले होते का? कोण आहे आत? आपल्यातलंच आहे ना?"

सिस्टरनं त्यांना हाताला धरून नेलं आणि दार उघडून दाखवलं. वन्संनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसले.

"या मेल्याला लहानपणापासून डोकंच कमी," त्या म्हणाल्या. "असू दे. आता आलेच आहे तर पार्टी करूनच जाईन. माझी कंबर धरलीय बाई, मला आपला सोफाच बरा."

म्हणजे सोफाही गेला! यमाला बसायला सांगितलेली बाहेरची खोलीसुद्धा हातची गेली. सिस्टर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बंद ठेवलेल्या धुण्याच्या यंत्राच्या झाकणावर गाल टेकायला लागली. तेवढाच लोखंडाचा गारवा.

अखेर डॉक्टर परतले. पार्टीचा दिवस ठरला. सिस्टरला तर लग्नघर असल्यासारखं झालं. आज बाटल्या संपणार, उद्या दुपारी आपली खोली! तिनं काचेचे पेले घासले, पाव कापला, चीजचे तुकडे मांडले. दुपारी खोलीत जाऊन सहाही जणींना ओल्या फडक्यानं पुसलं आणि शेवटची म्हणून एकदा नीट कूस बदलून दिली. घरी सोडायच्या आधी पेशंटची अंघोळ घालायचीच असते.

संध्याकाळी मंडळी टेबलाभोवती बसली. पाच बाटल्या ट्रेमध्ये आडव्या मांडून ठेवल्या होत्या. मापेसाहेब बरोलो घेऊन आले, नवरीला मांडवात आणावं तसे.

"आल्यापासून हिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही!" बूच फट्‌कन निघालं. सगळ्यांनी माना पुढं केल्या. आणि पेल्यात काय पडलं? पुराचं पाणी! गढूळ, मातकट, आत काळे कण गरगरताहेत.

डॉक्टरांनी पेला दिव्यासमोर धरला. घोट घेतला. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या लोकांचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"साहेब, ही हललीय. जुन्या वाइनला गाळ असतो. तो एका अंगाला बसतो. त्याला उठवायचं नसतं. उठवलात की रंगही गेला, चवही गेली."

"अशक्य!" मापेसाहेब लालबुंद झाले. "हलणार कशी? यंत्र बंद, मिक्सर बंद, वरच्यांच्या उड्या बंद! कुणी हात लावला नाही हो!"

सिस्टरला वाटलं, आपल्या कष्टांची कुणीतरी दखल घ्यायची ती हीच वेळ.

"हात लावला नाही कसं म्हणता?" ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ कूस बदलतेय मी सगळ्यांची! एकीच्या अंगाला चट्टा नाही. बघा हवं तर!"

खोलीत अशी काही सामसूम झाली की वन्संच्या दातांखालचा पाव ऐकू आला.

"कूस?" मापेसाहेबांचा आवाज फाटला. "अगं, तुला सांगितलं होतं ना हलवायचं नाही?"

"हलवलं कुठं? जागच्या जागी वळवलं. तुम्हीच म्हणालात, आडव्या ठेवायच्या आणि महिनोन्‌महिने उठवायच्या नाहीत. मग? एका अंगावर ठेवायच्या? माणुसकी आहे की नाही?"

डॉक्टर हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मापेसाहेब मात्र एकाच पारड्यात वजन पडलेल्या तराजूसारखे एका बाजूला कलले होते.

"बरं, झालं ते झालं," सिस्टर घाईघाईनं म्हणाली. "बाकीच्या पाच आपण गाळून घेऊ. चहाचं गाळणं आहे घरात. आत्ता संपवून टाकू!"

"छे, छे!" डॉक्टर म्हणाले. "इतक्या चांगल्या वस्तू! काही बिघडलेलं नाही. परत झोपवा, गाळ आपोआप खाली बसेल. महिनाभर. फक्त या वेळी कूस नाही बदलायची."

"महिनाभर," सिस्टर म्हणाली.

"मग मीही राहतेच गं," वन्सं म्हणाल्या.

सिस्टरनं समोरचा पेला उचलला आणि ते गढूळ औषध एका दमात पिऊन टाकलं. कडू होतं. शेवटी दाताखाली वाळूही आली. पेला खाली ठेवून ती उठली, बाटल्यांचा ट्रे उचलला आणि मागच्या खोलीत गेली. पाचही जणींना तिनं भिंतीच्या कडेला निजवलं, उरलेल्या हातभर जागेत स्वतः आडवी झाली आणि पायानं दार ढकललं. दार मुकाट्यानं मिटलं.

"अगं! अगं, हे काय!" मापेसाहेब धावले. "त्यांना धक्का लागेल ना!"

आतून आवाज आला, "दार वाजवलंत तर नक्की लागेल."

मापेसाहेबांचा उचललेला हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हळूच खिशात घातला.

तो महिना त्या घरात कसा गेला म्हणून सांगू! यंत्र बंदच होतं, वरच्यांची दोरी खुंटीलाच होती. मापेसाहेब पायमोजे घालून वावरायचे आणि कपडे स्वतः हातानं धुवायचे, कारण धुणारी झोपलेली असायची. वन्सं मोठ्यानं बोलल्या की ते ओठांवर बोट ठेवायचे. चार दिवसांत वन्सं कंटाळल्या. "इथं माणसापेक्षा बाटल्यांचं कौतुक!" म्हणत घरी निघून गेल्या. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कुशी बदललेली बाई दर दुपारी अशी गाढ झोपायची, की तिनं स्वतःची कूससुद्धा बदलली नाही.

महिना भरला. मापेसाहेब बूच काढायचा स्क्रू घेऊन दाराशी उभे राहिले. "डॉक्टरांना निरोप देऊ का गं? बघ ना, बसला का गाळ?"

सिस्टरनं आत जाऊन एक बाटली, न वळवता, हलकेच उचलली. काळा पडदा बोटभर बाजूला सारून उजेडात धरली. माणकासारखी लखलखीत! तळाशी एका रेषेत बसलेला गाळ, वर एक कण नाही. तिच्या सबंध नोकरीत तिनं बरा झालेला पेशंट कधी तासभरही जास्त ठेवून घेतला नव्हता.

तिनं बाटली होती तशी ठेवली. पडदा सारखा केला. बाहेर येऊन तिनं तो चेहरा केला, ज्याच्यापुढं पेशंटचे नातेवाईक कधी दुसरा प्रश्न विचारत नसत.

"अजून थोडे दिवस जाऊ द्या," ती म्हणाली. "घाईनं घरी सोडलं की दुखणं उलटतं. मी पाहिलंय ना!"

आणि जांभई देत तिनं दार लावून घेतलं.