हिलालअप्पांची हवा कोण चोरतं?

‘सातपुड्यापासून तापीपर्यंतच्या गुन्हेगारांची झोप उडवणारा एकमेव मेंदू’ अशी माझ्या मामांची ओळख आहे. ती त्यांनी स्वतःच करून दिलेली आहे. करणसिंग गिरासे यांनी बसस्थानकावर ‘चौकशी’ लिहिलेल्या खिडकीमागे सव्वीस वर्षं काढली, आणि चौकशीचा एवढा अनुभव वाया जाऊ नये म्हणून निवृत्त होताच ते गुप्तहेर झाले. मी त्यांची भाची ममता. त्यांना स्कूटी चालवता येत नाही, म्हणून मी सहायक. मी त्यांना मामा म्हणते. बाकीचे लोक बनवतात.

रनाळ्याच्या हिलालअप्पा पाटलांचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. अप्पांना झोपेत श्वास थांबण्याचा आजार. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं आणि अप्पा माणसात आले. पण गेल्या काही महिन्यांपासून पुन्हा तेच सुरू झालं होतं. घोरणं, सकाळी जड डोकं, दिवसभर डुलक्या. गेल्या महिन्यात डुलकी लागली ती चालत्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर पपईत शिरला आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचं, सिंधुबाईंचं, मनगट मोडलं. तेव्हापासून अप्पांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. बायकोच्या प्लॅस्टरकडेसुद्धा ते बघत नसत. मशीन चालतं तरी हवा पोहोचत नाही, म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी मामांना बोलावलं. खचलेल्या माणसाच्या हातून असं होतं.

मामांनी भिंग काढलं आणि मशीन सोडून सगळीकडे लावलं. मास्कमधून शिटी वाजते असं अप्पांनी सांगताच मामा म्हणाले की हा चोरांचा इशारा आहे. मी विचारलं की चोर अप्पांच्या नाकापाशी बसून कुणाला इशारा करतील. मामांनी मला वहीत लिहायला सांगितलं, बोलायला नाही.

मग हवेला तिखट वास येतो हे कळलं. शेजारच्या भीमसिंगनं अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, तेवढ्यावर मामांनी त्याला विषप्रयोगात पकडला. भीमसिंग शांतपणे म्हणाला की मिरच्या सगळा जिल्हा वाळवतो, आणि आत जाऊन मामांसाठी चहा घेऊन आला. मामांनी चहा पुरावा म्हणून प्यायला.

शेवटी अप्पांच्या नाकावरचा लाल वळ पाहून मामांचा चेहरा उजळला. रात्री कुणीतरी अप्पांचं तोंड दाबतं, आणि या घरात झटापटीत हात मोडलेली एकच व्यक्ती आहे, असं त्यांनी सिंधुबाईंच्या देखत जाहीर केलं. जमीन दुभंगावी असं मला वाटलं. शिवाय मशीन हा मुद्देमाल ठरवून त्यांनी त्याच्या मागच्या झाकणावर कागदी सील चिकटवलं आणि ते वापरायला बंदी घातली.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तर अप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या बसल्या झोपले होते. सिंधुबाईंनी एका हातानं मशीन ओढलं, नखानं सील खरवडलं आणि झाकण उघडलं. आतली हवा गाळायची पांढरी जाळी मिरचीच्या धुळीनं काळी-तांबडी पडून गच्च झाली होती. मास्कची रबरी कड त्यांनी बोटानं दाबली. ती वाळून कडक झाली होती. नळीवर अप्पांनी सायकलचं पंक्चर काढायचं ठिगळ लावलं होतं. सैल पट्ट्या सुतळीनं आवळल्या होत्या, म्हणून नाकावर वळ.

“कूकर फुसफुस करस तं मी चोर नहीं शोधस, भाऊ,” त्या मामांना म्हणाल्या. “रिंग बदली टाकस.”

त्यांनी मला मशीनवाल्याला स्पीकरवर फोन लावायला सांगितलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, सामान शेवटचं कधी बदललं? जागे झालेल्या अप्पांनी विचारलं, कोणतं सामान? मग त्यानं समजावलं की मशीन तेच राहतं, पण जाळी साधारण महिन्याला, मास्कची कड काही महिन्यांनी आणि नळी वर्षाला बदलावी लागते. हे त्यानं पहिल्या दिवशीही सांगितलं होतं.

“मशीन तं चालू शे,” अप्पा पुटपुटले. “मंग कसाले बदलानं?”

सिंधुबाईंनी प्लॅस्टरचा हात त्यांच्या पुढ्यात ठेवला. अप्पांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मन्ही चुकी शे,” ते म्हणाले.

नवं सामान आठवड्यात आलं. जाळी बदलायच्या तारखांवर सिंधुबाईंनी कॅलेंडरमध्ये गोल केले. प्लॅस्टर काढायचा दिवस उगवला तोवर अप्पा दुपारभर जागे राहायला लागले होते आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं होतं. नंदुरबारला त्यांनीच गाडी काढली. सिंधुबाई विचार न करता पुढे, त्यांच्या शेजारी बसल्या. संरक्षणासाठी म्हणून मामाही आले, आणि मागे माझ्या शेजारी बसून, हा खटला आपणच कसा उलगडला हे सांगता सांगता झोपले.

ते घोरू लागले. मग एकदम आवाज बंद झाला. बऱ्याच वेळानं मोठा घोट घेतल्यासारखा श्वास आला. सिंधुबाई मान वळवून ऐकत होत्या. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “ममता, तुन्हा मामाले बी डॉक्टरले दखाडी दे.”

मी वही उघडली. या प्रकरणात लिहून घेण्यासारखा दुसरा निष्कर्षही सिंधुबाईंनीच काढला होता.