सावलीकडची बाई

समजावून सांगण्यात माझा हात धरणारी नर्स अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही! "तुमचं चुकतंय" असं मी कोणत्याच सासूला म्हणत नाही. दुसऱ्या गावच्या बाईची गोष्ट सांगते. ज्याचं त्याला कळतं.

त्या दिवशी ठमाबाईंच्या घरी गेले. सून दिव्यानी बाळंतीण, आणि ठमाबाई तान्ह्या नातवाला बोटानं जंगलचा मध चाटवत होत्या. कौतुकानं! मी हसून म्हटलं, "तिकडं सावली गावाकडं एका बाईनं असाच मध चाटवला. पोरगं पार मलूल पडलं हो!"

ठमाबाईंचं बोट हवेतच राहिलं. "सावलीची? पयलटकरीन?"

गोष्ट रंगावी म्हणून मी म्हटलं, "हो, पहिलटकरीणच."

"अवो माय! माही रुखमा!"

त्यांची लेक सावलीला दिलेली, तिलाही तान्हं पोर, हे मला कुठं ठाऊक! ठमाबाईंनी असा हंबरडा फोडला की कुडावरच्या कोंबड्या उडाल्या. शेजारणी धावल्या. "काय झालं?" "रुखमाचं पोट्टं सिरीअस!" दारातून अंगणात येईपर्यंत सिरीअसचं 'गेलं' झालं! "अहो, ती बाई खरी नाही!" मी ओरडले, पण धानाच्या गिरणीत शिट्टी वाजवावी तसा माझा आवाज. रुखमा फोन उचलेना. ठमाबाईंचा मुलगा मिथुन गाडी काढून सुटलासुद्धा!

अंगणात सगळ्या गोळा होऊन बसल्या. मयतीला आल्यासारखं मलाही कुणीतरी पाणी दिलं. दिव्यानी बाळाला छातीशी घट्ट धरून भिंतीकडं बघत होती.

दिवेलागणीला मिथुनचा फोन आला. त्यावरून रुखमाच करवादली, "माये, माहं पोरगं टुणटुणीत हाय! सासू रोज मध चाटवून राह्यली त्याले!"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. गेली माझी गोष्ट पाण्यात!

"ठमाबाई, ती बाई मी मनानं रचली," मी म्हटलं. "पण मध खरंच देऊ नका. वर्षाच्या आतल्या पोराला त्यातून जीवघेणा आजार होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. सहा महिने फक्त आईचं दूध."

ठमाबाई मधाच्या बाटलीकडं बघत राहिल्या. "माहा पयला पोट्टाबी असाच मलूल पडून गेला. मधानंच गेला असंन काय वो?"

"मला नाही सांगता येत, बाई."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग चालूच असलेल्या फोनात सांगितलं, "रुखमा, मध बंद कर."

"सासूले मी कसं सांगू वो?"

ठमाबाईंनी डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला. "सिस्टर, तुमीच सांगा तिच्या सासूले. पन गोष्ट नोका सांगू!"